एका तारेवरचे दोन फोन

७ डिसेंबर २००३, रविवार

आज आमच्या घरी संगणक आला. चिरंजीव ओमेश्वर याने तो गोंदियाहून जीपमध्ये गादीवर निजवून आणला. मधल्या खोलीत टेबलावर त्याची स्थापना झाली व सूनबाई रविता हिने त्यास कुंकू लावले. टेलिफोनच्या तारेतूनच त्यास जगाच्या बातम्या मिळतात, असे ओमेश्वर सांगतो. टेलिफोन माझ्या नावे असल्यामुळे त्याने माझी परवानगी मागितली व मी ती दिली. तो कृषी केंद्र चालवितो. धानाचे भाव घरबसल्या कळावेत हा हेतू योग्य आहे.

दुपारी जेवणानंतर, दर रविवारप्रमाणे, रायपूरचा फोन आला. माझी पत्नी दुलारी माजघरातील फोनवर बोलली. मी बाहेरच्या छपरीतील दुसरा फोन उचलून ऐकला.

याविषयी येथे स्पष्ट लिहून ठेवतो. योगेश्वरी ही माझी कन्या. तिच्या विवाहाबाबत सौंदडच्या एका घराण्यास मी शब्द दिला होता. तो न जुमानता ती रायपूरला परिचारिकेच्या नोकरीवर निघून गेली, व तेथे योगराज नावाच्या रेल्वेतील मनुष्याशी तिने आपल्या मनाने विवाह केला. ते कळले त्या दिवशी मी याच अंगणात, चार माणसांसमोर, तिच्याशी जन्मात बोलणार नाही असे म्हणालो. लक्ष्मीचंद तुरकर जे बोलला ते त्याने मोडलेले नाही. परंतु मी बोलणार नाही असे म्हणालो होतो. ऐकणार नाही असे म्हणालो नव्हतो. शिवाय घरच्या टेलिफोनवर काय बोलले जाते हे कुटुंबप्रमुखास माहीत असणे आवश्यक आहे. ऐकताना मी तोंडावर पंच्याचा बोळा धरतो. त्यामुळे पलीकडे काही कळत नाही.

मी फोन उचलला की थोड्याच वेळात दुलारी तिला म्हणते, "मोठ्यानं बोल वं, आवाज बारीक झाला." दर रविवारी म्हणते. लाइनचा दोष असावा.

आज योगेश्वरीने तेथील थंडी सांगितली, आपल्या वॉर्डातील एका म्हाताऱ्याचा हट्ट सांगितला, व "बाबूजीचा खोकला कसा आहे?" असे विचारले. दुलारी म्हणाली, "आहे तसाच. जिद्दी मानसाचा खोकला बी जिद्दी."

हे अनावश्यक होते.

११ डिसेंबर, गुरुवार

संगणक चालतो, परंतु रडतखडत. जोडणी करताना तो सापळ्यात सापडलेल्या कोल्ह्यासारखा ओरडतो, मग खरखरतो, मग गप्प होतो. ओमेश्वरने मला कोपऱ्यातील आकडा दाखविला. "बाबूजी, एकवीस हजारावर अटकून राहिला. डब्ब्यावर तं छप्पन लिवलं आहे."

आमच्या घरातील वस्तू अर्ध्याहून कमी ताकदीने चालावी, हे मला पटले नाही. घरात बैल असो, मोटार असो की यंत्र असो, त्याने पूर्ण काम दिले पाहिजे. लाइनमन दुधराम यास निरोप धाडला.

१३ डिसेंबर, शनिवार

दुधराम आला. खांबावर चढून त्याने एक जोड सोडविला, तो पार गंजलेला निघाला. दुसरे असे की टेलिफोनची तार व विहिरीवरील मोटारीची वीजतार वळचणीला एकाच खिळ्यावर बांधली होती. ती त्याने वेगळी केली. "दोघी एका खाटेवर निजल्या तं बडबड होनारच, काकाजी," असे तो म्हणाला. आकडा अठ्ठावीसवर गेला. मला समाधान वाटले.

मग तो छपरीत येऊन उभा राहिला. "आता हा दुसरा फोन. एका तारेवर दोन फोन मंजे एका थनाले दोन वासरं. तुमी उचला का नका उचलू, तो आपला वाटा पेतच राहते. आनि उचलला तं मंग आवाजच वाटून जाते. काढला तं स्पीड वाढन."

ओमेश्वर म्हणाला, "काढून टाक."

दुधराम माझ्याकडे पाहत राहिला. "काढू काय जी, काकाजी? उद्या इतवार हाय."

मी म्हटले, "वाराचा येथे काय संबंध?"

"काई नाई. मनलं, तुमाले लागन."

तेथे ओमेश्वर उभा होता, रविता उभी होती. फोन राहू द्या असे म्हटले असते तर कारण सांगावे लागले असते. मी काढण्याची आज्ञा केली. आकडा तेहतीसवर गेला. रविताने सर्वांस चहा दिला. दुलारी मात्र बराच वेळ माझ्याकडे पाहत होती. तिला यंत्रातले कळत नाही.

१४ डिसेंबर, रविवार

दुपारी घंटी वाजली. छपरीच्या भिंतीवर आता खिळ्यांची दोन भोके आहेत.

दुलारी माजघरात बोलत असताना मला तेथून तांब्या आणण्याचे काम निघाले. नंतर अडकित्ता आणण्याचे. नंतर तांब्या परत ठेवण्याचे. प्रत्येक वेळी ती "हो", "हो काय", "मंग?" एवढेच म्हणत होती, त्यावरून काही अर्थबोध झाला नाही. तिसऱ्या खेपेस तिने रिसीव्हरवर हात ठेवून म्हटले, "बसा नं इथंच. सुपारी इथं फोडा."

मला बाहेर काम आहे असे सांगून मी छपरीत येऊन बसलो.

१८ डिसेंबर, गुरुवार

संगणकाची जोडणी असताना बाहेरून दुसरा फोन आला की मध्येच टूं-टूं असा नाद येतो व जोडणी तुटते. ती सोय खात्याकडून बंद करून घ्यावी लागते. अर्जावर मी पूर्ण नावाने सही केली. ओमेश्वर म्हणाला, "आता कोनी लावला तं त्याले एंगेज आयकू येइन, बस. आपलं कनेक्शन तुटनार नाई."

दुधराम म्हणतो की या भागात इतकी चांगली लाइन एक्सचेंजच्या साहेबाचीही नाही. हे त्याने मुद्दाम सांगितले नाही. मी विचारले तेव्हा सांगितले.

२१ डिसेंबर, रविवार

रायपूरचा फोन आला नाही.

२८ डिसेंबर, रविवार

आजही आला नाही. मी दुपारची झोप न घेता छपरीत जागा होतो.

दुलारीच्या चेहऱ्यावर खेद दिसत नाही. माता असून तिला चिंता वाटू नये याचे मला नवल वाटते. हल्ली रविवारी जेवणे झाली की ती व रविता मधल्या खोलीत दार लोटून संगणकासमोर बसतात. काय पाहता, असे मी बाहेरून विचारले. दुलारी म्हणाली, "नागऱ्याचा महादेव दिसते जी त्याच्यात."

नंतर आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला. महादेवाच्या दर्शनात हसण्यासारखे काय असते?

४ जानेवारी २००४, रविवार

नवीन वर्ष लागले. रायपूरहून शुभेच्छाही नाहीत. मी बोलत नाही हे खरे, परंतु तिच्या आईने काय केले? मुलगी दूर गेली की प्रथम वाट विसरते, मग घर विसरते, असे माझी आई म्हणत असे. योगेश्वरी निदान वाट विसरणार नाही असे मी धरून चाललो होतो. तो विश्वास चुकीचा ठरला.

मनास उद्योग असावा म्हणून लाइनकडे लक्ष दिले. मधल्या खोलीतील ट्यूबलाइटचा चोक गुणगुणतो, तो तारेपासून दूर हलविला. भिंतीवरची चपटी तार काढून पीळ घातलेली तार टाकविली. आकडा आता चाळीसवर आहे. ओमेश्वर मला म्हणाला, "बाबूजी, तुमी तं दुधरामची नोकरी खासाल." मी हसलो नाही, परंतु ऐकून घेतले.

दार लोटलेले असले तरी आवाज येतो. आज दुलारी रविताला सांगत होती, "लिव, खिचडी पातळ कर म्हनाव. मूग जास्त, तांदूळ कमी. अना रात्री डोक्याले तेल." यंत्रास खिचडी कशी करावी हे कळविण्याचे प्रयोजन मला समजले नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

खांबापासून घरापर्यंतची जुनी तार उरली होती, तीही आज बदलविली. संध्याकाळी ओमेश्वर आनंदाने छपरीत धावत आला. चव्वेचाळीस.

१८ जानेवारी, रविवार

जेवणानंतर तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा म्हणून मधल्या खोलीत गेलो. एरवी या वेळी मी निजलेला असतो, अशी त्यांची समजूत आहे. दार ढकलले.

पूर्वी यंत्रात चित्र वरून खाली येत असे, पडदा हळूहळू सोडावा तसे. नागऱ्याचे देऊळ मी एकदा पाहिले होते. कळसापासून पायऱ्यांपर्यंत पोहोचेतो माझा चहा संपला होता. ते दिवस असते तर रविताला यंत्र झाकण्यास पुरेसा वेळ मिळाला असता. आज मिळाला नाही. तिचा हात पुढे झाला, तोवर संपूर्ण चित्र उघडले होते.

योगेश्वरी एका खुर्चीत बसली आहे. तिच्या मांडीवर एक लहान मूल. मुलाच्या कपाळावर, डाव्या बाजूस, केसांचा भोवरा उलटा फिरलेला आहे. तसा माझ्या वडिलांस होता. मला आहे.

"मामाजी," एवढेच रविता म्हणाली.

मी विचारले, "हे मूल कोणाचे?"

दुलारी जागची उठली नाही. "आपलं. योगेश्वरीची पोरगी. फागुनात वर्षाची होइन."

"आणि मला?"

"तुमी इचारलं नाई," दुलारी म्हणाली.

आज अधिक लिहीत नाही.

२० जानेवारी, मंगळवार

माझे जेवण छपरीत आणून ठेवतात. त्या पद्धतीस मी विरोध केलेला नाही.

काल दुलारी ताट ठेवून तेथेच बसली व जे बोलली ते जसेच्या तसे लिहितो.

"तुमी उचललं का आवाज बारीक होये. पोरीले पह्यल्याच इतवारी समजलं. चार साल ती माह्याशी नाई, तुमच्याशी बोलली. खोकला मले कायले इचारन ती? मी खोकलतो काय? हर इतवारी तुमाले एक जागा ठेवून बोले, का आता बोलतील, आता बोलतील. मंग पोटात लेकरू राह्यलं. तवा मनली, माय, हे मी त्या बारीक आवाजात नाई सांगनार. बाबूजीनं इचारलं तं सांगीन."

"नऊ महिने सांगितले नाही. पुढेही सांगितले नाही."

"तुमी नऊ महिने इचारलं नाई. पुढंही नाई."

मी म्हटले, "ओमेश्वरला ठाऊक होते?"

"मंग संगणक कायले आनला? धानाचा भाव तं दुकानात पेपरवर कळते. मले लेकरू पाहाचं होतं. तुमाले सोडून रायपूरले जाता येत नोतं, गेलो असतो तं तुमी इचारलं असतं, कायले जाता. ती तिकडं संगणकाच्या कॅफेत बसते, फोटो धाडते, रविता लिवते, मी सांगतो."

रविता ते इंग्रजी अक्षरांत लिहिते, परंतु भाषा आमची घरचीच असते, हे मला काल कळले. म्हणजे ती खिचडी, ते तेल, सर्व माझ्यासमोर चालू होते. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसास ती अक्षरे येत नाहीत, हे या घरात कोणास ठाऊक नाही?

मी गंजलेला जोड शोधविला. तारा वेगळ्या करविल्या. दुसरा फोन स्वतःच्या तोंडाने काढविला. बाहेरून येणारी घंटी स्वतःच्या सहीने अडविली. नहर मी खोदला आणि पाणी सर्वांच्या धानाच्या बांधीत गेले. माझीच बांधी कोरडी. माझ्याच टेलिफोनने मला माझ्या घराबाहेर ठेवले, आणि त्याचा आकडा वाढला म्हणून मी समाधान मानत होतो.

ओमेश्वर येऊन म्हणाला, "बाबूजी, लपवाचं असं काई नोतं. तुमी एकदा इचारलं असतं तं..."

हे वाक्य या घरात सर्वांनी पाठ केलेले दिसते.

२५ जानेवारी, रविवार

यंत्र आज लावले नाही. त्यावर धुतलेले धोतर झाकून ठेवले होते. माझा मान राखण्यासाठी, असे ओमेश्वर म्हणाला. असला मान मी मागितला नव्हता. तिकडे ती कॅफेत मूल घेऊन बसली असेल व इकडून कोणी उत्तर देत नसेल, हे त्याच्या ध्यानात आले नसावे.

घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. मी मधल्या खोलीत सहज गेलो असता रविताने विचारले, "फोटो पाह्यता काय, मामाजी? साठवून ठेवला आहे."

नको म्हटले. चष्मा जवळ नव्हता.

२९ जानेवारी, गुरुवार

दुधरामला बोलावून दुसरा फोन पुन्हा छपरीत लावण्यास सांगितले. तो म्हणाला, "मंग स्पीड पडन, काकाजी. इतकी मेहनत केली तुमी."

"पडू दे."

भोके तीच होती, खिळे नवे ठोकले. काम करता करता तो स्वतःशीच हसला. कारण विचारले.

"मले मालूम होतं, परत लावाले बलावतील. लाइन चेक करतानी खांबावर हँडसेट लावा लागते नं जी. तुमच्या लाइनवर इतवारी तीन जन राहत. दोघी बोलत, एक दम घे."

म्हणजे दुधरामलाही ठाऊक होते. पंच्याचा बोळा मी चार वर्षे कोणासाठी धरत होतो, हे आता मला सांगता येणार नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

जेवण झाल्यावर मीच म्हटले, "यंत्र लावा." रविताने ओमेश्वरकडे पाहिले, ओमेश्वरने आईकडे. मग धोतर काढले. कोल्हा ओरडला, खरखरला, गप्प झाला. मी छपरीत माझ्या जागी येऊन बसलो. मधल्या खोलीतून रविताच्या बोटांचे काम ऐकू येत होते. दुलारी आज आत गेली नाही. ती माजघरात फोनजवळ गहू निवडत बसली होती. उघड्या दारातून मला दिसत होती.

मी फोन उचलला.

आत नुसता आवाज होता, कढईत मोहरी तडतडावी तसा, न थांबणारा. याच आवाजात माझी मुलगी काहीतरी सांगत होती व माझी सून ते वाचत होती. मी कान लावून ऐकले. मला त्यातले काही काढता आले नाही. मग तो आवाज तुटला.

"कटलं," आतून रविता म्हणाली. "कोनं उचलला?"

मी रिसीव्हर जागेवर ठेवला व हात तेथेच ठेवला. लाइन मोकळी झाली होती.

किती वेळ गेला ते पाहिले नाही. घंटी वाजली. माजघरात वाजली, छपरीत वाजली. दुलारी सुपातले गहू हातात घेऊन बसून राहिली.

"उचल," मी म्हटले.

"तुमचाच हात जवर आहे," ती म्हणाली.

मी उचलला. पंचा खांद्यावर होता, तो खांद्यावरच राहिला.

"माय? कटलं कसं वं? मी बूथवरून बोलून राहिलो. पोरगी तारच ओढून राहिली इथं. माय?"

आवाज बारीक नव्हता. एकाच फोनवर तो इतका मोठा येतो, हे मला ठाऊक नव्हते. चार वर्षे मी तिचा अर्धाच आवाज ऐकत होतो.

मग ती थांबली. माझा दम तिला ऐकू गेला असावा. तिच्याजवळ ते मूल काहीतरी बुडबुड करीत होते. मी विचार केला. प्रतिज्ञा मुलीशी न बोलण्याची आहे. या मुलीच्या मुलीविषयी मी अंगणात काही म्हणालो नव्हतो. ती त्या वेळी नव्हतीच.

मी म्हटले, "बाळ, तुझे नाव काय?"

पलीकडची बुडबुड थांबली.

"तिले बोलता येत नाई अजून," योगेश्वरी म्हणाली. "कोनाले इचारून राहिले, बाबूजी?"

माजघरात दुलारीने सूप बाजूला ठेवले होते. मधल्या खोलीच्या दारात ओमेश्वर व रविता येऊन उभे होते. अंगणात चार माणसांसमोर बोललो होतो. येथे तिघे होते, व मोजली तर तारेवरची ती दोघी.

"तुला," मी म्हटले.

नाक ओढल्याचा आवाज आला. तेथे थंडी असावी. मग म्हणाली, "नाव असं नाई सांगनार. येत्या इतवारी तुमी सोता फोन लावा, मंग सांगीन. आमच्या शेजारचा नंबर मायजवर आहे." आणि ठेवला.

माझी फसवणूक झाली, हे माझे मत कायम आहे. घरातील प्रत्येकाने ती केली व कोणास पश्चात्ताप नाही. ओमेश्वरशी मी अद्याप नीट बोललेलो नाही. परंतु स्वतःच्या बापास नाव सांगण्यासही अट घालणे, इतका ताठा या मुलीने कोणाकडून उचलला, हे मला खरोखर समजत नाही. आमच्या घराण्यात असे कोणी नव्हते.

नंबर मी मागितलेला नाही. दुलारीने तो कागदावर लिहून, मी न मागता, माझ्या अडकित्त्याखाली ठेवला आहे. आकडे देवनागरीत आहेत.

रविताला सांगितले आहे की येत्या रविवारी दुपारी यंत्र लावू नये. दुधरामला निरोप धाडला आहे की शनिवारी येऊन खांबावरचा जोड एकदा पाहून जावा.